वजनाला स्वभाव नसतो

ज्या घरात मोठा कुत्रा आहे तिथे पाहुणा फाटकाशी थबकला, की आतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "या, या, काही करत नाही तो." बोलणारा खोटे बोलत नसतो. लॅब्रॅडॉर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड हे माणसाळू कुत्रे आहेत आणि त्यातले बरेच आयुष्यभरात कोणाला चावत नाहीत. पण माझे म्हणणे असे, की मोठ्या कुत्र्याबरोबर राहताना होणाऱ्या पुष्कळशा इजांचा दातांशी काही संबंधच नसतो. धक्का, उडी, साखळीची ओढ, शेपटीचा फटका, वाटेत आडवे पडून राहणे, यांनी त्या होतात. त्या वेळी कुत्रा रागावलेला नसतो; आनंदलेला, बुजलेला किंवा नुसता झोपलेला असतो. म्हणून "स्वभावाने गरीब आहे" ही खात्री इथे अपुरी पडते. कुत्रा निवडताना स्वभाव जरूर पाहावा, पण त्याच्याबरोबर घरात कसे वागायचे हे त्याच्या वजनावरून ठरवायला हवे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला हे पटायला अवघड जाऊ नये, कारण याहून कितीतरी मोठ्या जनावराबरोबर राहण्याची रीत इथल्या शेतकरी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैल कितीही गरीब असो, जाणता माणूस त्याच्या मागून मुकाट्याने जात नाही. आवाज देतो, पाठीवर हात ठेवतो, मग जातो. कासरा हाताला गुंडाळायचा नाही हे पोराला बैल हाती देण्याआधी सांगितले जाते, कारण बैल बुजून पळाला तर बोटे त्या फासात राहतात. ढेप-कुटार टाकायच्या वेळी लहान मुलाला गव्हाणीजवळ फिरकू देत नाहीत. वैरण घालणारा समोरून वाकत नाही, बाजूला उभा राहतो; अंगावरची माशी हाकलायला बैल मान झटकतो तेव्हा कोणाचा डोळा फोडावा असे त्याच्या मनात नसते, पण शिंगाचे टोक जिथे जायचे तिथे जाते. या रीती मारक्या बैलासाठी नाहीत. मारका बैल लोक बाजार दाखवून मोकळे होतात. या रीती गरीब, लाडक्या, पोळ्याला पुरणपोळी खाणाऱ्या बैलासाठी आहेत. हेच घर ५० किलोचा कुत्रा आणते तेव्हा मात्र ही सगळी समज गोठ्यातच राहून जाते. बैलाला दावे असते, खुंटा असतो, येण्याजाण्याची वाट ठरलेली असते. कुत्रा ओसरीत असतो, स्वयंपाकघराच्या दारात असतो, आजीच्या खाटेशी आणि नातवाच्या अंथरुणात असतो. शिवाय आपली सवय घडली ती १५-२० किलोच्या, अंगणात राहणाऱ्या गावठी कुत्र्यावर. त्याने अंगावर उडी घेतली तर फार तर कपडे मळायचे.

आता वजने शेजारी शेजारी ठेवून पाहा. लॅब्रॅडॉरचा नर साधारण ३० ते ३५ किलोचा, रॉटवायलर ५० च्या आसपास. ग्रेट डेनचा नर खांद्यापाशी किमान ८० सेंटीमीटर उंच असावा लागतो आणि ६० किलोच्या पुढे सहज जातो. घरातली सत्तरीची म्हातारी बहुधा त्याच्याहून हलकी असते. तीन वर्षांचे मूल उभे राहिले, की त्याचा चेहरा कुत्र्याच्या डोक्यासमोर आणि त्याचे डोळे कुत्र्याच्या शेपटीच्या फेऱ्यात येतात. उभ्या माणसाला धावत्या कुत्र्याची धडक गुडघ्याच्या आसपास बसते, आणि तीही बहुतेक वेळा बाजूने किंवा मागून, माणूस बेसावध असताना. गुडघा पुढे-मागे वाकण्यासाठी आहे. बाजूचा दाब त्याच्या सांध्याच्या दोऱ्यांना सोसत नाही. त्यात वेगाचा भाग वेगळाच. वेग दुप्पट झाला, की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि फाटक उघडताच मालकाकडे झेपावणारा तरुण कुत्रा वेग मोजून येत नाही. वाकून लाड करणाऱ्याच्या हनुवटीवर कुत्र्याचे कपाळ आपटले तर जीभ दातांत सापडते, नाकाचे हाड मोडते. उत्साहाने हलणारी जाड शेपटी बुटक्या टेबलावरचा चहा मुलाच्या अंगावर सांडते.

हे सारे नुसते तर्काने मांडलेले नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ ते २००६ या काळातल्या इस्पितळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कुत्र्या-मांजरांमुळे पडून झालेल्या इजांची संख्या वर्षाला सरासरी ८६,००० च्या वर निघाली. त्यातल्या ८८ टक्के कुत्र्यांमुळे झाल्या होत्या. इजा होण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून थोडे जास्त होते. सर्वांत मोठा वाटा कुत्र्याला अडखळून पडण्याचा होता, त्याखालोखाल कुत्र्याने ढकलल्यामुळे किंवा ओढल्यामुळे पडण्याचा. साखळीला धरून कुत्रा फिरवताना ६५ वर्षांवरील लोकांची हाडे मोडण्याचे प्रसंग तिथे २००४ मध्ये १,६७१ होते, ते २०१७ मध्ये ४,३९६ झाले. मोडलेल्या हाडांत खुब्याचे हाड सर्वांत जास्त वेळा होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ ते २०२० या वीस वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा कुत्रा फिरवताना जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या प्रौढांचा आकडा ४ लाख २२ हजारांवर गेला. सर्वाधिक आढळलेल्या तीन इजा होत्या बोटाचे हाड मोडणे, मेंदूला मार आणि खांदा लचकणे. त्यातली पहिली आणि तिसरी वाचताना कासऱ्याची शिकवण आठवल्याशिवाय राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेचे आकडे यवतमाळला काय लागू? तिथले लोक कुत्रे घरात पाळतात, बर्फावरून चालतात. आकडे जसेच्या तसे लागू नाहीत हे मला मान्य आहे. पण हाड इथेही तसेच मोडते, आणि इथली काही कारणे उलट धोका वाढवणारी आहेत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो. दाट केसांचा, थंड मुलखातला कुत्रा त्या दिवसांत सकाळपासून कूलरपुढे कोंडलेला असतो आणि दिवस मावळल्यावर सोडला जातो. नेमकी तीच वेळ म्हाताऱ्या माणसांनी ओट्यावर येऊन बसण्याची आणि मुलांनी अंगणात खेळण्याची. पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर ओले पाय, कुत्र्याचेही आणि माणसाचेही. रात्री वीज गेली, की अंधारात आडवा पडलेला काळा कुत्रा दिसत नाही, आणि कितीतरी घरांत संडास अजून परसात आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा तरी उठून जावे लागते. शिवाय वणी, उमरखेडसारखी गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. खुबा मोडलेल्या माणसाला तेवढा प्रवास करून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायचे असते.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. कुत्रा नीट शिकवला, की झाले, असे जाणते पाळणारे म्हणतात. शिकवणे हवेच, आणि ते पिल्लू लहान असताना हवे. दोन महिन्यांचे पाच-सहा किलोचे पिल्लू मांडीवर उडी मारते तेव्हा सगळे हसतात. वर्षभरात तेच कुत्रे कितीतरी पट वजन घेऊन तीच उडी मारते आणि मग मार खाते. चूक त्याची नसते. त्याला जे शिकवले तेच ते करत असते. पण शिकवलेला कुत्राही दचकतो. फटाका, वरातीचा बँड, कौलांवरून उड्या मारत जाणारी वानरांची टोळी, अचानक चालू झालेला ट्रॅक्टर, यांपुढे शिस्त क्षणभर सुटते, आणि धक्का बसायला क्षणच पुरतो. शिस्तीने असे प्रसंग कमी होतात. प्रसंग आला तर कुत्र्याचे वजन कमी होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. देशात २०२४ मध्ये कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या, रेबीजने माणसे मरतात, मोकाट कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी घरच्या कुत्र्याच्या धक्क्याची कसली चर्चा? चाव्याचे गांभीर्य मी तसूभरही कमी करत नाही. पण सगळी चर्चा दातांभोवती फिरल्यामुळे धोकादायक कुत्रा कोणता, याची आपली कल्पनाच अर्धवट राहिली आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जाती 'हिंस्र' ठरवून त्यांवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना पाठवली, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या वादातही प्रश्न एकच होता, कोणती जात हल्ला करते. कायदा मात्र अधिक व्यापक आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमात चाव्याचा उल्लेख नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला संभवणारा किंवा गंभीर दुखापतीचा धोका टाळण्याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि हाड मोडणे ही कायद्याच्या लेखी गंभीर दुखापतच आहे.

मग कुत्रा बांधून ठेवावा काय? अजिबात नाही. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा सुटल्यावर अधिक बेभान धावतो, आणि तो बांधून ठेवणे ही क्रूरता आहे. म्हाताऱ्या माणसाला कुत्र्याची सोबत किती मोलाची असते, हेही मी विसरत नाही. बदलायचे आहे ते घर आणि आपली वागणूक. बाहेरून आलेल्या माणसाने कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर असल्याशिवाय त्याला हात लावू नये, त्याच्याकडे बघूही नये. उडीला कोणीच दाद दिली नाही तर ती सवय मोडते, पण घरातल्या एकाने जरी लाड केले तर मोडत नाही. म्हातारे माणूस आधी खुर्चीत बसावे, मग कुत्रा आत यावा. त्याची झोपायची जागा ठरवून द्यावी, ती दार, जिना आणि संडासाची वाट यांपासून दूर असावी. गडद रंगाच्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू आणि चमकणारा पट्टा, वाटेवर रात्रभर बारीक दिवा. गुळगुळीत फरशीवर न सरकणारी चटई टाकावी. पोळी लाटताना, तळताना, मुलाला भरवताना कुत्रा स्वयंपाकघराच्या बाहेर, आणि त्यासाठी कमरेइतके अर्धे दार लावून घ्यावे. साखळी हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये, बोट कडीत अडकवू नये. ती तळहातात धरावी, म्हणजे वेळ आली तर सोडता येते. पळालेला कुत्रा बहुधा परत येतो, मोडलेला खांदा मात्र महिनोन्‌महिने दुखतो. कुत्र्याच्या निम्म्याहून कमी वजनाच्या माणसाच्या हाती साखळी देऊ नये, मग ते मूल कितीही हट्ट करो. मी तर पुढे जाऊन म्हणेन, की ज्या घरात गुडघे गेलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे किंवा नुकते चालू लागलेले कोणी आहे, त्या घराने ४० किलोच्या वर जाणारी जात आणूच नये. शेताची जागली करायला, रोही आणि रानडुकरे हाकलायला इथला गावठी कुत्रा पुरेसा आहे आणि त्याला इथले ऊन सोसते.

इजा झालीच तर "घरच्याच कुत्र्याचे आहे" म्हणून ती अंगावर काढू नये. पडल्यावर उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळला असेल, तर खुबा मोडला असे धरून चालावे. ओढून उभे करू नये, चोळू नये, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नये, सपाट फळीवर किंवा स्ट्रेचरवर झोपवून दवाखान्यात न्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर तो ठीक बोलतो आहे म्हणून थांबू नये. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होतो. उडीत नख लागून ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावा. हळद, चुना, तिखट काही भरू नये. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही रेबीजच्या लसीचा विचार करावा लागतो, आणि रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याच्या औषधाचा. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली, तरी त्याचा कागद डॉक्टरांपुढे ठेवावा आणि निर्णय त्यांना करू द्यावा. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्यावे. मधुमेही माणसाच्या पायावर कुत्र्याचा पाय पडून खरचटले असेल, तर ती जखम रोज पाहावी.

शेवटी एक विनंती आहे, ती यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत केसपेपर लिहिणाऱ्या सर्वांना. कुत्रा चावला तर त्याची वेगळी नोंद होते; कुत्र्याच्या धक्क्याने खुबा मोडला तर कागदावर बहुधा 'घरी पडून इजा' एवढेच उरते. कशामुळे पडले हे कृपया विचारा आणि लिहा. रुग्णांच्या नातेवाइकांनीही लाजेने किंवा कुत्र्याच्या प्रेमापोटी ते लपवू नये.