कायदा कशाची बंदी करितो?
अमेरिकेंतील उत्तरकालीन गर्भपाताच्या वादाचा अभ्यास

(मंडळ्यांतील प्रौढांच्या अभ्यासवर्गासाठीं. वर्गापूर्वीं वाचावयाचे उतारे : निर्गम २१:२२-२५; स्तोत्र १३९:१३-१६.)

प्रस्तुत पाठाचा विषय नाजूक आहे, आणि पुष्कळ मंडळ्यांत त्याचें नांवही उघडपणें काढीत नाहींत. परंतु ज्या गोष्टीविषयीं बोलणें टाळलें जातें, तिच्याविषयीं लोकांचीं मतें बनत नाहींत असें नाहीं. तीं ऐकीव गोष्टींवरून बनतात, इतकेंच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गर्भपाताच्या एका रीतीवर बंदी घालावी कीं नाहीं याविषयीं १९९५ पासून बारा वर्षें मोठा वाद झाला. तो नीट समजून घेतला असतां दोन गोष्टी शिकावयास मिळतात : कायद्याला काय करितां येतें व काय करितां येत नाहीं, आणि कळकळीचीं माणसेंही शब्दांच्या आहारीं कशीं जातात.

१. प्रथम शब्दांचा अर्थ

गर्भावस्था सुमारें चाळीस आठवड्यांची असते. अमेरिकेंत होणाऱ्या गर्भपातांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक पहिल्या तेरा आठवड्यांतच होतात. एकविसाव्या आठवड्यापासून पुढें होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास असतें. ह्या थोड्या गर्भपातांना भाषणांत व वर्तमानपत्रांत 'उत्तरकालीन' म्हणण्याची रूढि पडली आहे. प्रसूतिशास्त्रांत मात्र हा शब्द एकेचाळीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भावस्थेस लावितात.

इतक्या उशीरा हा प्रसंग कां येतो? कांहीं वेळां अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या तपासणींत गर्भाचें गंभीर वैगुण्य प्रथमच दिसून येतें. कांहीं वेळां मातेसच भारी दुखणें जडतें. परंतु दारिद्र्य, अल्पवय, दवाखान्याचें अंतर, आणि दिवस गेल्याचें उशीरा कळणें, हींही कारणें असतात. दोन्ही प्रकारचीं कारणें खरीं आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

१९९२ सालीं ओहायो संस्थानांतील डॉ. मार्टिन हॅस्केल यांनीं गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांच्या एका सभेपुढें एका रीतीचें वर्णन वाचलें. दुसऱ्या तिमाहींतील रूढ रीतींत गर्भाशयाच्या आंतच गर्भाचे भाग करून ते काढीत. ह्या रीतींत धड अखंड बाहेर आणून, मस्तक आंत असतांनाच गर्भाचा अंत करीत. डॉक्टर तिला 'डायलेशन अँड एक्स्ट्रॅक्शन' म्हणत. विरोधकांनीं तिला 'पार्शल-बर्थ अबॉर्शन', म्हणजे अर्धजन्माचा गर्भपात, असें नांव दिलें. हें दुसरें नांव वैद्यकाच्या ग्रंथांतलें नव्हे. तें राजकारणांत जन्मलें. गटमाखर संस्थेच्या पाहणीप्रमाणें २००० सालीं सुमारें १३ लक्ष गर्भपातांपैकीं सुमारें २,२०० ह्या रीतीनें झाले.

२. कायदेमंडळांतील झगडा

१९७३ च्या जानेवारींत 'रो विरुद्ध वेड' ह्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें होतें कीं, गर्भ मातेच्या उदराबाहेर जगूं शकेल अशा अवस्थेस पोंचल्यावर संस्थानांना गर्भपाताची मनाई करितां येईल. मात्र मातेच्या जीविताला किंवा आरोग्याला धोका असल्यास अपवाद ठेवला पाहिजे. 'आरोग्य' ह्या शब्दाचा अर्थ त्याच दिवशींच्या दुसऱ्या एका निकालांत बराच व्यापक केला गेला. पुढील सर्व भांडण ह्या एका शब्दाभोंवतीं फिरलें.

१९९५ सालीं फ्लॉरिडाचे प्रतिनिधि चार्ल्स कॅनडी यांनीं वरील रीतीवर बंदी घालणारें बिल मांडलें. त्यांत मातेचा जीव वांचविण्यासाठीं अपवाद होता, आरोग्यासाठीं नव्हता. दोन्ही सभागृहांनीं तें मंजूर केलें, परंतु १० एप्रिल १९९६ रोजीं अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीं आरोग्याच्या अपवादाच्या अभावावरून तें नाकारलें. ज्या स्त्रियांवर असा प्रसंग गुदरला होता, त्यांपैकीं कांहीं त्या वेळीं त्यांच्याजवळ उभ्या होत्या. १९९७ सालीं पुन्हां बिल मंजूर झालें व पुन्हां नाकारलें गेलें. अध्यक्षांचा नकार रद्द करण्यास दोनतृतीयांश मतें लागतात. १९९८ सालीं सीनेट सभेंत ६४ विरुद्ध ३६ मतें पडलीं, आणि तीनच मतें कमी पडलीं.

ह्याच काळांत सीनेटर टॉम डॅशल यांनीं निराळी सूचना आणिली होती. रीत कोणतीही असो, गर्भ बाहेर जगण्याजोगा झाल्यावर गर्भपातच करूं नये. मात्र मातेचा जीव किंवा तिच्या देहाला होणारी गंभीर इजा हा अपवाद असावा, असा तिचा आशय होता. ही सूचना १९९७ च्या मे महिन्यांत फेटाळली गेली. बंदीवाद्यांना तिच्यांतील अपवाद फार सैल वाटला, आणि गर्भपाताच्या कित्येक कैवाऱ्यांना तिच्यांतील मनाई फार कडक वाटली.

अखेर ५ नोव्हेंबर २००३ रोजीं अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीनें कायदा झाला. डॉक्टरास दंड व दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. स्त्रीवर मात्र खटला करितां येत नाहीं.

३. न्यायालयाचे दोन निकाल

नेब्रास्का संस्थानाचा अशाच प्रकारचा कायदा सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं रद्द केला होता. त्यांत आरोग्याचा अपवाद नव्हता, आणि त्याचे शब्द इतके मोघम होते कीं रूढ रीतही त्यांत सांपडली असती. २००३ च्या कायद्याचे शब्द अधिक नेमके होते; आणि १८ एप्रिल २००७ रोजीं त्याच न्यायालयानें पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं तो कायम केला. मध्यंतरीं न्यायमूर्ति सँड्रा डे ओकॉनर निवृत्त होऊन त्यांच्या जागीं सॅम्युएल अलिटो आले होते. सात वर्षांत वैद्यकशास्त्र उलटलें नव्हतें. न्यायासनावरील एक निर्णायक मत बदललें होतें.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ति अँथनी केनेडी यांनीं लिहिला. जन्माच्या उंबरठ्यावरील जिवाचा असा अंत केल्यानें वैद्यकाच्या पेशाची व समाजाची मनें कठोर होतात, सबब काँग्रेसला येथें मर्यादा घालण्याचा अधिकार आहे. आणि इतर रीती खुल्या असल्यामुळें स्त्रीवर अवाजवी भार पडत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायमूर्ति रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीं ह्याच विधानावर बोट ठेविलें. इतर रीती खुल्या असतील तर ह्या कायद्यानें एकही गर्भ वांचत नाहीं. मग स्त्रीला कमी धोक्याची रीत नाकारून साधलें काय, असा त्यांचा सवाल होता.

येथेंच आपल्या पाठाच्या मथळ्याचें उत्तर आहे. हा कायदा अमुक आठवड्यानंतरच्या गर्भपाताची बंदी करीत नाहीं. त्यांत आठवड्यांचा उल्लेखच नाहीं. तो एका रीतीची बंदी करितो. पुष्कळांना मात्र असें वाटलें, व अजूनही वाटतें, कीं उशीराचे गर्भपातच बंद झाले.

पुढें २४ जून २०२२ रोजीं 'डॉब्स' खटल्यांत न्यायालयानें 'रो' निकाल उलटवून हा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या हातीं दिला. तेव्हांपासून कांहीं संस्थानांत गर्भपात जवळजवळ सर्वस्वीं बंद आहे, तर कांहींत पुष्कळ सवलत आहे.

४. सत्य बोलण्याविषयीं

ह्या वादांत दोन्ही बाजूंना सत्याचें ओझें जड वाटलें. गर्भपात करणाऱ्या दवाखान्यांच्या एका संघटनेचे संचालक १९९५ सालीं जाहीरपणें म्हणाले कीं ही रीत क्वचितच, व केवळ मातेच्या जिवावर बेतल्यास किंवा गर्भ सदोष असल्यास वापरतात. १९९७ सालीं त्यांनींच कबूल केलें कीं तें खरें नव्हतें. पुष्कळ प्रसंगीं माता व गर्भ दोन्ही निरोगी असत. उलटपक्षीं, बंदीवाद्यांच्या भाषणांवरून असा भास होई कीं दिवस भरलेलीं बाळें प्रसूतीच्या क्षणीं मारलीं जात आहेत. वस्तुतः बहुतेक प्रसंग वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यानचे असत. एका पक्षानें निरोगी गर्भ दृष्टीआड केले. दुसऱ्यानें दुःखी माता दृष्टीआड केल्या.

५. मंडळ्यांची भूमिका

रोमन कॅथॉलिक मंडळीचा विरोध पहिल्यापासून कायम आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकवाक्यता नाहीं. सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनीं १९७१ सालीं बलात्कार, गर्भाचें गंभीर वैगुण्य व मातेच्या आरोग्याची हानि ह्या कारणांसाठीं गर्भपातास मुभा असावी असा ठराव केला. १९८० सालीं त्यांनीं मातेचा जीव वांचविण्याखेरीज त्यास विरोध केला. युनायटेड मेथॉडिस्ट मंडळीनें २००० सालीं वरील रीत थांबवावी असें म्हटलें. मात्र मातेचा देह धोक्यांत असून दुसरा उपाय नसल्यास, किंवा गर्भ जगण्याजोगाच नसल्यास, अपवाद ठेविला.

शास्त्राचा आधार दोन्हीकडून घेतला जातो. स्तोत्रांत गर्भाशयांतील घडणीकडे देवाची दृष्टि असल्याचें वर्णन आहे. निर्गमांतील उताऱ्यांत गर्भिणीस मार लागून मूल बाहेर येतें. मूळ इब्री शब्द कांहीं भाषांतरकार गर्भपाताचे समजतात, कांहीं अकालीं जन्माचे. अर्थ बदलला कीं निष्कर्षही बदलतो. म्हणून एकच वचन शस्त्रासारखें उगारणें बरें नव्हे.

६. आपल्या देशांतील कायदा

भारतांत १९६४ सालीं महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला. त्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. २००८ सालीं मुंबईच्या एका दांपत्यानें गर्भाच्या हृदयांत दोष आढळल्यावरून, मर्यादा उलटल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली; ती मिळाली नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें कांहीं प्रकारच्या स्त्रियांकरितां मर्यादा चोवीस आठवडे झाली, आणि गर्भाचें मोठें वैगुण्य असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मतानें त्यापुढेंही परवानगी मिळूं शकते. म्हणजे आपल्या कायद्यानें रीत नव्हे, तर काळ व कारण पाहिलें.

७. बोध

कायदा रेषा ओढितो, आणि रेषा ओढणें अवश्यही असतें. परंतु उशीर कां झाला हें कायदा विचारीत नाहीं. भीतीनें गप्प राहिलेली मुलगी, तपासणीस पैसे नसलेली आई, वैगुण्य असलेलें मूल वाढविण्यास ज्यांना कोणाचा हात नाहीं असें घर, हीं आपल्याच गांवांत आहेत. ज्या मंडळींत अशा स्त्रीला वेळींच आपलें दुःख सांगण्याची सोय आहे, ती मंडळी उशीराचा प्रसंगच कमी करिते. जिला न्यायाधीश पुष्कळ व सोबती एकही नाहीं, तिला आपण कायद्याचें कलम दाखविलें, तर आपलें काम संपलें असें मानूं नये.

वर्गासाठीं प्रश्न

१. २००३ च्या कायद्यानें कशाची बंदी केली व कशाची केली नाहीं?
२. 'आरोग्य' हा अपवाद फार सैल ठेविल्यास काय होईल? मुळींच न ठेविल्यास काय होईल?
३. न्यायमूर्ति केनेडी व न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांच्या म्हणण्यांतील सबळ भाग कोणता?
४. आपल्या बाजूचें असत्य आपल्याला ओळखूं येतें काय? ह्या वादांतील उदाहरण द्या.
५. आपल्या मंडळींत संकटांतील स्त्री प्रथम कोणाकडे जाईल? कोणाकडेच जाणार नसेल, तर कां?