नांदूर मध्यमेश्वर : पाणी, पक्षी आणि पर्यटक

शेतीसाठी बांधलेला बंधारा कालांतराने पक्ष्यांचे माहेरघर बनावा, हा निसर्ग व मानवी उद्यम यांच्या सहकार्याचा एक बोलका दाखला आहे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा उभा राहिला. येथून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेतीला पाणी मिळाले. त्याचबरोबर बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. त्यातून उथळ पाण्याची तळी, चिखलाच्या पट्ट्या आणि लहान लहान बेटे तयार झाली.

उथळ पाण्याचे महत्त्व

खोल जलाशयापेक्षा उथळ पाणथळ जागा पक्ष्यांना अधिक मानवते. थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके पृष्ठभागावर किंवा डोके बुडवून अन्न टिपतात. शराटी आणि चमचा हे पक्षी गुडघाभर पाण्यात उभे राहून चिखल चाळतात. वारकरी व जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतींच्या आश्रयाने राहतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे पाहुणे पक्षी याच ठिकाणी विसावा घेतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस त्यांपैकीच एक होय.

या क्षेत्रास 1986 साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. 'महाराष्ट्राचे भरतपूर' अशी त्याची ख्याती आहे. येथे 250 हून अधिक जातींचे पक्षी आणि 24 जातींचे मासे आढळतात. रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळविणारे हे राज्यातील पहिले स्थळ असून त्याची घोषणा जानेवारी 2020 मध्ये झाली.

समतोलाचा प्रश्न

अभयारण्याभोवती दाट वस्तीची, बागायती गावे आहेत. बंधाऱ्याचे पाणी ही शेतकऱ्याची गरज आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. गाळ वाढला म्हणजे साठवण घटते. मात्र तोच गाळ सरसकट काढल्यास उथळ जागा नाहीशा होतात. कोठे गाळ काढावा व कोठे ठेवावा, आवर्तनाच्या काळात पाण्याची पातळी किती राखावी, याचा विचार पाटबंधारे व वन या दोन्ही खात्यांनी गावकऱ्यांसह एकत्रितपणे करणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा आहे. शेतातून वाहून येणारी खते आणि वरच्या भागातील सांडपाणी यांमुळे जलपर्णी व पाणकणीस फोफावतात. जलपर्णीच्या आच्छादनाखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. पाण्यातील प्राणवायू कमी होऊन मासे मरतात, मोकळे पाणी आक्रसते आणि पक्षी अन्यत्र जातात. या हानीची झळ मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांना सर्वांत आधी बसते.

सहल कशी असावी?

पर्यटनाने गावात रोजगार येतो, परंतु बेशिस्त पर्यटन पक्ष्यांना पळवून लावते. वारंवार उडावे लागल्यास परतीच्या लांब प्रवासासाठी अंगी साठविलेली चरबी पक्षी व्यर्थ खर्च करतो. म्हणून शिक्षकांनी सहलीपूर्वीच विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात :

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी लवकर जावे.
- भडक कपडे, ध्वनिवर्धक व फटाके टाळावेत.
- छायाचित्रासाठी पक्ष्यांच्या अगदी जवळ जाऊ नये.
- पक्ष्यांना खाद्य टाकू नये. प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा.
- प्रत्येक गटाने पक्ष्याचे नाव, संख्या, जागा व वेळ यांची नोंद ठेवावी.

अशा नोंदी दरवर्षी जमा झाल्यास शाळेजवळ परिसराचा मोलाचा इतिहास तयार होईल.

ग्रामपंचायतींचे कार्य

जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. ही नोंदवही केवळ दप्तरात न राहता तिच्यात मासे, पाणवनस्पती व पक्षी यांची अद्ययावत माहिती भरली जावी. स्थानिक तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण, सांडपाण्याची गावातच विल्हेवाट आणि खतांचा माफक वापर ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

बंधारा माणसाने बांधला, पाणथळ निसर्गाने घडविली. तिचे रक्षण मात्र तिच्या काठावर राहणाऱ्यांच्या आणि तेथे येणाऱ्यांच्या सुजाणपणावरच अवलंबून राहील.