मुंबईचा विमानतळ

सटाण्याला आराम नदीच्या काठी उभे राहून वर पाहिले, तर कधी कधी फार उंचावरून एखादे विमान जाताना दिसते. पाहणाऱ्या मुलाला त्या विमानाचे कौतुक वाटते. ते चालविणाऱ्या वैमानिकाविषयी आदर वाटतो. परंतु ते विमान ज्या जमिनीवरून उडाले, तेथे त्याच्यासाठी किती माणसे राबली असतील, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो समजण्यासाठी आपल्या राज्याच्या राजधानीतील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची ओळख करून घेतली पाहिजे.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहू येथे १९२८ साली झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून टपाल घेऊन, कराचीहून अहमदाबादमार्गे तेथेच उतरले. परंतु पावसाळा लागला, की जुहूची जमीन चिखलाने भरून जाई आणि टपालाच्या विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमाने सांताक्रूझच्या पक्क्या धावपट्ट्यांवर उतरू लागली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पुढे १९८१ साली सहार येथे परदेशी जाणाऱ्या प्रवाशांसाठी निराळी इमारत झाली आणि २०१४ साली आजचे भव्य टर्मिनल सुरू झाले.

समजा, सटाण्याचा एक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला आहे. नाशिक मागे टाकून, कसारा घाट उतरून, सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून तो आईवडिलांसह सहारला पोहोचतो. दाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान त्याचे तिकीट व पासपोर्ट पाहतो. आईचा निरोप येथेच घ्यावयाचा असतो. आत विमान कंपनीच्या काउंटरवर त्याची बॅग तोलली जाते, तिला चिठ्ठी लागते आणि ती सरकत्या पट्ट्यावरून दिसेनाशी होते. त्याच्या हाती बोर्डिंग पास पडतो. इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट व व्हिसा तपासतो. मग अंगाची व हातातील सामानाची झडती होते. रांगेत ताटकळणाऱ्याला हा सारा खटाटोप कंटाळवाणा वाटतो. तथापि त्यातील हरएक तपासणी त्याच्याच सुरक्षिततेसाठी असते.

काचेच्या भिंतीपलीकडे दुसरी लगबग चाललेली असते. कोणी पंखांतील टाक्यांत इंधन भरीत असतो. कोणी जेवणाचे डबे आत चढवितो. अभियंता विमानाभोवती फिरून चाके, इंजिने व पंख निरखून पाहतो. विमानाच्या पोटात मालही भरला जातो. बागलाणची द्राक्षे व डाळिंबे परदेशी जातात, ती बहुतेक जहाजाने. पण फुले, औषधे अशा लवकर बिघडणाऱ्या किंवा निकडीच्या वस्तूंना विमानच सोयीचे पडते. त्यांच्यासाठी विमानतळावर शीतगृहे आहेत.

या विमानतळावर दोन धावपट्ट्या असून त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग करता येतो. मोठीची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. पूर्वेकडे धावणाऱ्या विमानाला तिच्या आरंभी ०९ हा आकडा दिसतो, कारण होकायंत्रावर पूर्व दिशा ९० अंशांवर असते आणि शेवटचे शून्य गाळले जाते. उलट दिशेने येणाऱ्यास २७ दिसतो. २०१८ साली येथे एकाच दिवसात एक हजाराहून अधिक विमानांनी ये-जा केली. कोणते विमान केव्हा उतरावे आणि कोणते थांबावे, हे नियंत्रण मनोऱ्यातून सांगितले जाते. तेथे घडीभराचे दुर्लक्षही चालत नाही.

धावपट्टीची निगा हे तर अखंड व्रतच होय. तपासणीची गाडी दिवसातून अनेकदा तिच्यावरून फिरते. एखादा खिळा, दगड वा रबराचा तुकडा पडला आहे का, हे माणसे डोळ्यांत तेल घालून पाहतात. एवढ्या क्षुल्लक वस्तूंची इतकी काळजी कशासाठी? २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर दुसऱ्या विमानातून गळलेली सुमारे एक हात लांबीची धातूची पट्टी पडली होती. ‘काँकॉर्ड’ विमानाचे चाक तिच्यावरून गेले, टायर फुटला, त्याचा तुकडा पंखावर आदळला आणि इंधनाने पेट घेतला. त्या अपघातात ११३ माणसे मृत्युमुखी पडली. विमानतळाजवळ केरकचरा टाकण्यास मनाई असते, तीही याच कारणाने. कचऱ्यावर घारी जमतात, आणि इंजिनात शिरलेला एक पक्षीही मोठा अनर्थ घडवू शकतो.

मुंबईची वाढती गर्दी एका विमानतळाला पेलेना, म्हणून नवी मुंबईत दुसरा विमानतळ बांधण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

सहारहून विद्यार्थ्याचे विमान आकाशात झेपावते, तेव्हा त्याची आई परतीच्या वाटेवर असते. धावपट्टीवरचा खिळा उचलणारा माणूस तिने पाहिलेला नसतो. मनोऱ्यातला अधिकारीही तिला ठाऊक नसतो. तरी तिच्या लेकाचे क्षेम वैमानिकाइतकेच या अनोळखी माणसांच्या हाती असते. आणि रात्री ती सटाण्याला पोहोचते, तेव्हाही त्यांची गाडी धावपट्टीवरून फिरतच असते.

स्वाध्याय

१. जुहूच्या विमानतळाची पावसाळ्यात कोणती अडचण होत असे?
२. धावपट्टीवर ०९ व २७ हे आकडे का लिहिलेले असतात?
३. ‘क्षुल्लक वस्तूही मोठा अनर्थ घडविते.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालून पाहणे, ताटकळणे, आश्रय घेणे.
५. आपल्या गावच्या बसस्थानकावर प्रवाशांच्या नजरेस न पडता काम करणाऱ्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.