कृति उघडी, किल्ली गुप्त

आपल्या बीड जिल्ह्यांत, गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या कांठीं पांचाळेश्वर नांवाचें क्षेत्र आहे. महानुभाव पंथाचे लोक तें पवित्र मानतात. या पंथानें तेराव्या शतकापासून मराठींत विपुल ग्रंथरचना केली, आणि ती परक्यांच्या हातीं पडूं नये म्हणून पुढें सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविली. त्यांपैकीं सकळ लिपि विशेष प्रसिद्ध होय. मूळ अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरेंच चिन्ह घालावयाचें, अशी तिची रीति. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं या लिपीचा उलगडा केला, तेव्हां शतकानुशतकें मिटलेले ग्रंथ अभ्यासकांस खुले झाले.

मराठी वाङ्मयाचा यांत मोठाच लाभ झाला. परंतु गुप्ततेच्या दृष्टीनें पाहिल्यास त्यांतून एक धडा निघतो. येथें सारें रक्षण कृति लपविण्यावर अवलंबून होतें. ती एकदां कळली कीं सर्वच पोथ्या वाचतां येऊं लागल्या. 1883 सालीं ऑगस्त केर्कहोफ या भाषाशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी हानि होऊं नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. कुलूप कसें घडवितात हें गांवांतील प्रत्येक लोहारास ठाऊक असतें, म्हणून आपलें घर कांहीं उघडें पडत नाहीं. आजच्या संगणकांतील सांकेतिक दळणवळण याच तत्त्वावर उभें आहे.

ज्या संगणक-प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणासही वाचतां व सुधारतां येतो, तिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. पोस्टग्रेस्क्यूएल हें तिचें उत्तम उदाहरण. माहितीचा सांठा करणाऱ्या या प्रणालीचा उगम 1986 सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत झाला. विंडोजवर ती स्वतंत्रपणें चालूं लागली 2005 सालच्या आठव्या आवृत्तीपासून. विंडोजसाठीं तयार संच ईडीबी नांवाची कंपनी पुरविते, व तिची एक शाखा आपल्या पुण्यांत आहे. मग स्वतः घडविण्याचा खटाटोप कशास? तयार भाकरी पोट भरते खरी. पण पीठ मळल्यावांचून स्वयंपाक येत नाहीं.

आतां कृति पाहूं. प्रथम मूळ संहिता अधिकृत स्थळावरून घ्यावी, आणि तिच्यासोबत दिलेली पडताळणीची संख्या आपल्या प्रतीवरून काढलेल्या संख्येशीं ताडून पाहावी. एक अक्षर बदललें तरी ही संख्या निराळी येते. त्यानंतर साधनें जमवावीं: मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ, ज्यांतील कंपायलर मानवी वाचनाची संहिता यंत्राच्या भाषेंत उतरवितो, तसेंच पर्ल, पायथन, बायसन व फ्लेक्स, आणि बांधणीची आंखणी करणारा मेसन व ती पार पाडणारा निंजा. सांकेतिक दळणवळणाचें गणित मात्र पोस्टग्रेस्क्यूएल स्वतः करीत नाहीं. त्यासाठीं ओपन-एसएसएल हा निराळा संग्रह आणून जोडावा लागतो. 1998 पासून चालत आलेला हा संग्रहही मुक्तस्रोतच आहे.

येथें तीन ठिकाणीं सावध राहावें. पहिलें असें कीं, मेसनला कांहीं न सांगितल्यास तो ओपन-एसएसएल सांपडल्यास जोडतो व न सांपडल्यास त्यावांचूनच बांधणी पुरी करतो. प्रणाली चालते, तक्रार करीत नाहीं, आणि तिला सांकेतिक बोलतां मात्र येत नाहीं. म्हणून आज्ञेंतच ओपन-एसएसएलचें नांव स्पष्ट लिहावें. मग संग्रह न मिळाल्यास काम तेथेंच थांबतें. दुसरें, दोन्ही भाग एकाच जातीचे हवेत. चौसष्ट बिटांच्या बांधणीस बत्तीस बिटांचा संग्रह जुळत नाहीं. तिसरें, संग्रहाच्या डीएलएल फायली चालतेवेळीं विंडोजला सांपडतील अशा जागीं ठेवाव्या, नाहींतर निर्दोष बांधलेली प्रणालीही सुरू होत नाहीं.

बांधणी झाल्यावर चांचण्या चालवाव्या, सेवकयंत्रास त्याची किल्ली व प्रमाणपत्र द्यावें आणि एसएसएल चालू करण्याची सूचना नोंदवावी. तरीही काम संपलें नाहीं. समजा, गेवराईच्या शाळेंतील गुणपत्रकें बीडच्या संगणकावर ठेविलीं आहेत. जोडणाऱ्यानें कांहींच अट घातली नाहीं, तर प्रणाली सांकेतिक जोडणीचा यत्न करते व ती न जमल्यास मुकाट्यानें उघड बोलूं लागते. सांकेतिक जोडणीच हवी अशी अट घातली तर वाटेंतील चोरास पत्र वाचतां येत नाहीं. परंतु पत्र घेणारा बीडचाच संगणक आहे कीं कोणी तोतया, हें सामान्यतः तपासलें जात नाहीं. त्यासाठीं पूर्ण पडताळणीची अट आहे. तींत विश्वासू संस्थेची सही आणि यंत्राचें नांव दोन्ही तपासतात. बंद लखोटा भलत्याच इसमाच्या हातीं दिला, तर लाखेचा उपयोग काय?

केवळ संहिता उघडी असल्यानें दोष राहत नाहींत, असेंही कोणी समजूं नये. 2014 सालच्या एप्रिलांत ओपन-एसएसएलमधील हार्टब्लीड नांवाचा दोष जाहीर झाला. तो दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. त्यायोगें सेवकयंत्राच्या स्मृतींतील मजकूर, प्रसंगीं गुप्त किल्लीही, परक्यास मिळूं शके. संहिता उघडी होती, पण वाचणारे थोडे होते. मात्र दोष उघड होतांच दुरुस्तीही उघडपणें झाली आणि कोणासही ती तपासतां आली. जुन्या संग्रहाचा उपयोग करणाऱ्यांस मात्र तो बदलावाच लागला. म्हणून एकदां बांधून विसरून जाणें योग्य नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या देखरेखीखालीं ही बांधणी एकदां अवश्य करून पाहा. पहिल्या खेपेस चुकांच्या ओळींनीं पडदा भरेल. त्यांतील पहिली ओळ नीट वाचा, कारण पुढील बहुतेक तिच्याच पोटीं जन्मलेल्या असतात. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, पैशांचे व्यवहार आतां घरोघरीं यंत्रावरून होतात. प्रमाणपत्र जुळत नाहीं असा इशारा पडद्यावर आला असतां तो दूर सारून पुढें जाऊं नये. आपल्या मुलास जवळ बोलावून त्याचा अर्थ विचारावा. त्यास तो सांगतां आला, तर हा पाठ लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.