पोटातली पांढरी जागा

बाबू, पाट्या तू आता कॉम्प्युटरवर करतोस, मी जन्मभर ब्रशनं केल्या. अक्षर तेच आहे, म्हणून सांगतो.

जाड, गोल टोकांचं अक्षर निवडलंस की रंगाकडे नको, त्याच्या पोटातल्या रिकाम्या जागेकडे पाहा. वाशीमला माझ्या हातून सगळ्यात जास्त पाट्या झाल्या त्या कृषी सेवा केंद्रांच्या. या तीन शब्दांत अक्षराची सगळी परीक्षा होते. 'ष'च्या पोटात तिरकी रेघ. दांड्याइतकीच ती जाड केली की पोट बुजतं. मंगरूळपीर रस्त्यावरच्या एका पाटीवर माझ्याकडून तसंच झालं. दुकानापुढं उभं राहून नीट दिसायचं, एसटीतून मात्र 'ष' म्हणजे नुसता काळा ठोकळा. परांची पुन्हा बांधली, शब्द खरवडला, नव्यानं लिहिला. तेव्हापासून आतली रेघ पाऊण जाडीचीच ठेवतो. डोळ्याला ती सारखीच वाटते. 'कें'वरचं टिंब मात्रेला चिकटू देऊ नये. 'द्र'चं खालचं टोक पुढच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतं, म्हणून दोन ओळींत अंतर मोकळं सोड. फॉन्ट कुठलाही घे, आधी हे तीन शब्द टाइप करून बघ.

मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेला बलू हा फॉन्ट मला मनापासून आवडतो. नाव अस्वलाचं, अंगही तसंच भरदार, पण वळणं मऊ. नऊ भारतीय लिप्यांत तो केला आणि प्रत्येकीत त्याला घरचं नाव दिलं: गुजरातीत भाई, गुरुमुखीत पाजी, तमिळमध्ये तंबी, तेलुगूत तम्मुडू. परवाना खुला आहे, गिऱ्हाइकाच्या कामाला निर्धास्त वापर. पहिला बलू एकाच जाडीचा होता. बलू २ पाच जाड्यांत मिळतो. सगळ्यात जाड फक्त दुकानाच्या नावाला. पत्ता नि फोन नंबर त्यात कोंबू नको, त्यासाठी त्यांचाच मुक्ता घे.

आणि आउटलाइन! फ्लेक्सवाले जाड अक्षराला वरून पांढरी, तिच्यावर लाल किनार देतात. ती किनार आतही सरकते आणि पोट खाते. द्यायचीच तर बाहेरच्या अंगानं दे. रात्री मागून दिवा लागणारा बोर्ड असेल तर एक जाडी कमी घे, कारण उजेडात पांढरं अक्षर फुगतं.

अंगणवाडीची भिंत, मिठाईचं दुकान, कुल्फीची गाडी, शाळेचं स्नेहसंमेलन, इथं हे अक्षर शोभतं. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मात्र कधीच लावू नको. ज्यांच्या घरी माणूस गेलंय, त्यांना ते हसरं वळण टोचतं. कुणी घाईत मागितलं तरी तू बदलून दे, दोन मिनिटं लागतात.

छापायला टाकण्याआधी साध्या कागदावर बोटभर उंचीची प्रिंट काढ, समोरच्या भिंतीला चिकटव, दारापाशी जा आणि डोळे बारीक करून 'ष' शोध.