चक्कर, भ्रम आणि कन्फ्यूजन : रुग्णाच्या तक्रारीचे अचूक भाषांतर



रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठविताना आपण जी चिठ्ठी लिहितो, तीत बहुधा इंग्रजी शब्द असतात. आपल्या जिल्ह्यातील रुग्ण बीडच्या जिल्हा रुग्णालयात जातो, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जातो, आष्टीकडचा असेल तर अहिल्यानगरला जातो. तेथील डॉक्टर प्रथम ती चिठ्ठी वाचतात आणि कोणास आधी पाहावयाचे हे बऱ्याच अंशी तीवरून ठरते. पाहिलेली अवस्था व लिहिलेला शब्द यांत अंतर पडले, तर रुग्णाचे अमूल्य तास वाया जातात. ‘सुधरत नाही’, ‘गरगरते’, ‘भान नाही’ या तक्रारींच्या बाबतीत हे अंतर सर्वाधिक पडते. म्हणून या शब्दांचा थोडा अभ्यास प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत.

शब्दांची व्युत्पत्ती

व्युत्पत्ती ध्यानी ठेवली की शब्द सहसा चुकत नाही. ‘व्हर्टिगो’ हा शब्द वळणे, फिरणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. आपला ‘भ्रम’ शब्दही फिरणे या अर्थाच्या धातूचाच. ‘कन्फ्यूजन’चा मूळ अर्थ एकत्र ओतले जाणे, अनेक गोष्टी मिसळल्या की एकही वेगळी ओळखू येत नाही. ‘ओरिएंट’ म्हणजे पूर्व दिशा. पूर्व कोठे हेच ज्यास उमगत नाही तो ‘डिसओरिएंटेड’, अर्थात दिशाभूल झालेला. ‘डेलिरियम’ची कथा तर शेतकऱ्यास सहज पटावी. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराचे तास. तास सोडून नांगर भरकटणे म्हणजे डेलिरियम. ‘गिडी’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ झपाटलेला, अंगात आलेला असा होता. आज मात्र वैद्यकीय संदर्भात त्याचा अर्थ चक्कर येणारा असा होतो.

तक्रार, निरीक्षण आणि निदान

या शब्दांचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग रुग्ण स्वतः सांगतो त्या तक्रारींचा. डिझिनेस व गिडिनेस हे चक्करेचे ढोबळ शब्द होत. स्वतः किंवा भोवतालच्या वस्तू फिरत असल्याचा भास तो व्हर्टिगो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो असे वाटणे ते प्रीसिंकोप. प्रत्यक्ष शुद्ध जाऊन अल्पकाळात आपोआप परत येणे तो सिंकोप.

दुसरा वर्ग आपण तपासून ठरवितो त्या निरीक्षणांचा. कन्फ्यूजन व डिसओरिएंटेशन यात येतात. ज्याचे भान सुटले आहे तो ‘माझे भान सुटले’ असे क्वचितच सांगतो. ते नातेवाईक सांगतात. म्हणून चिठ्ठीत ‘रुग्णाची तक्रार : कन्फ्यूजन’ असे लिहिणे विसंगत ठरते. ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार’ आणि ‘तपासणीत आढळले’ असे दोन स्वतंत्र उल्लेख करावेत.

तिसरा वर्ग निदानाचा. काही तासांत किंवा दिवसांत उद्भवणारा, दिवसभरात कमी-अधिक होणारा, अवधान व भान बिघडविणारा विकार तो डेलिरियम. महिने-वर्षे हळूहळू वाढत जाणारा स्मृती-बुद्धीचा ऱ्हास तो डिमेन्शिया. डेलिरियममागे बहुधा शारीरिक कारण असते व ते तातडीने शोधावे लागते. आजोबांना दोन दिवसांपासून सुधरत नसेल, तर ‘वय झाले’ म्हणून घरी पाठवू नये.

व्याकरणाचा एक मुद्दा येथेच सांगतो. ‘कन्फ्यूज्ड’ म्हणजे गोंधळलेला आणि ‘कन्फ्यूझिंग’ म्हणजे गोंधळात पाडणारा. रुग्ण ‘कन्फ्यूझिंग’ आहे असे लिहिल्यास त्याने वैद्यास गोंधळात पाडले असा अर्थ होतो!

शास्त्रीय संज्ञांशी मेळ

सर्वाधिक घोटाळा ‘भ्रम’ या शब्दाचा होतो. माधवनिदानात भ्रमाचा विचार मूर्च्छा, तंद्रा, निद्रा व संन्यास यांच्याबरोबर एकाच अध्यायात आहे आणि तेथील वर्णन देह चक्रासारखा फिरून रुग्ण भूमीवर पडण्याचे आहे. म्हणजे ते व्हर्टिगोच्या जवळचे. बोली मराठीत मात्र भ्रम म्हणजे खोटी समजूत. एकाच केसपेपरवर एका वैद्याचा भ्रम चक्करेचा व दुसऱ्याचा बुद्धीचा असू शकतो. म्हणून ‘भ्रम’ लिहिल्यावर पुढे लक्षण स्पष्ट करावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विधिशोणितीय अध्यायात मद, मूर्च्छा व संन्यास या उत्तरोत्तर बलवान अवस्था सांगितल्या आहेत. दोषांचा वेग ओसरला की मद व मूर्च्छा आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, हा त्यातील भेद सिंकोप व कोमा यांतील भेदाच्या जवळ जातो. मूर्च्छेपूर्वी आकाश निळे, काळे, तांबडे वा मेघाच्छादित दिसते हे तेथील वर्णन वाचताना प्रीसिंकोपमधील अंधारी आठवते.

ग्रामीण भागात ‘त्याला वात झाला’ असे म्हणतात, तेव्हा सांधे दुखतात असा अर्थ नसतो. ज्वरात रुग्ण बरळू लागला असा असतो. चरकांनी अतिप्रलापाची गणना ८० वातविकारांत केली आहे, त्यामुळे हा लोकशब्द निराधार नाही. मात्र चिठ्ठीवर केवळ ‘वातव्याधी’ असे लिहिले, तर वाचणाऱ्यास डेलिरियमची कल्पनाही येणार नाही.

अशा एकवाक्यतेचे प्रयत्न वरच्या पातळीवरही झाले आहेत. आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले आणि आयसीडी-११ मधील आयुर्वेद, सिद्ध व युनानी संज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संकेतांक कितीही अचूक असला, तरी मुळात लक्षण नीट ओळखले पाहिजे.

भान कसे तपासावे

काळ, स्थळ व व्यक्ती या क्रमाने विचारावे. भान बहुधा याच क्रमाने सुटते. निरक्षर वृद्धेस इंग्रजी तारीख विचारून ती चुकली म्हणून ‘डिसओरिएंटेड’ ठरविणे अन्यायाचे होय. आज वार कोणता, बाजार कधी होता, सकाळ आहे की संध्याकाळ, मागला सण कोणता, हे विचारावे. मग आपण कोठे आहोत, सोबत कोण आले आहे, हे विचारावे. अवधानासाठी वारांची नावे उलट क्रमाने म्हणावयास सांगावीत.

१९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये वाणीचे ५ गुण आहेत. सुसंबद्ध बोलून भान बरोबर सांगणाऱ्यास ५, संभाषण करतो पण भान चुकते त्यास ४, असंबद्ध शब्दांस ३, केवळ अस्फुट आवाजास २, काहीच नसल्यास १. एकूण १५ पैकी किती, हे लिहिले की वाचणाऱ्यास नेमकी अवस्था कळते.

आपल्या जिल्ह्यातील विशेष प्रसंग

ऊसतोडीहून परतलेला मजूर असो वा चैत्र-वैशाखात शेतात राबणारा, ‘उन्हाने चक्कर आली’ एवढेच सांगितले जाते. भान शाबूत, घाम येत आहे, उठताना अंधारी येते, ही एक अवस्था. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे आणि बोलणे असंबद्ध, ही दुसरी, ती उष्माघाताची. दोन्हीस ‘गिडिनेस’ लिहिणे धोक्याचे आहे. दुसरीत अंग गार करण्यास तत्काळ आरंभ करावा, वाटेतही तो थांबवू नये. भान नसलेल्यास तोंडाने काही पाजू नये.

मधुमेही असंबद्ध बोलू लागल्यास प्रथम रक्तशर्करा मोजावी. डोक्याला मार, मद्य एकाएकी बंद करणे, कीटकनाशकाशी संपर्क, हे न विसरता विचारावे. नवीन, ज्वरासह आलेल्या असंबद्धतेस ‘उन्माद’ किंवा ‘वेड’ असे नाव देऊन थांबू नये.

औषधी दुकानदारांसाठी

‘चक्करेची गोळी द्या’ असे म्हणणाऱ्यास गोळी देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : गरगरते की सुधरत नाही? सध्या कोणती औषधे चालू आहेत? झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेची जुनी गुंगी आणणारी औषधे यांनी वृद्धांचे भान सुटू शकते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकविणाऱ्याची साखर घसरते. आपल्या औषधांतही धोत्रा हे शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्य आहे. कनकासवासारखे धोत्रायुक्त कल्प मात्रेबाहेर घेतल्यास तोंड कोरडे पडणे, बुबुळे विस्फारणे व बरळणे संभवते. असा रुग्ण आल्यास कल्पाची बाटली सोबत पाठवावी.

चिठ्ठीचा नमुना

‘वय ६८, पुरुष. काल सायंकाळपासून ज्वर. नातेवाइकांच्या सांगण्यानुसार पहाटेपासून मधूनमधून बरळतो. तपासणीत : वार व गाव सांगता येत नाही, मुलास ओळखतो. डोळे आपणहून उघडे, सांगितलेली हालचाल करतो, ग्लासगो १४. गरगरणे नाही, शुद्ध गेली नव्हती. चालू औषधे : मधुमेहाची गोळी.’ यासोबत तापमान, नाडी, रक्तदाब, रक्तशर्करा व तपासणीची वेळ लिहावी.

या चिठ्ठीत एकही अवघड इंग्रजी शब्द नाही, तरीही ती वाचणारा डॉक्टर रुग्णास रांगेत बसवून ठेवणार नाही. शब्दाविषयी शंका असेल तेव्हा दिसले तेच सरळ मराठीत लिहावे, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.