जगाचा बाजार आणि आपल्या गांवचा माग

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास शाळेंत आले. गृहस्थ इचलकरंजीचे; घरचे आठ यंत्रमाग. त्यांपैकीं चार त्यांनीं नुकतेच वजनावर भंगारांत विकले होते. बोलणें फारसें झालें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "सर, आमचं काय व्हायचं ते हुईल. पर पोराला कशात घालू, तेवढं सांगा." त्या वेळीं मीं कांहींतरी सांगून त्यांचें समाधान केलें, परंतु माझें स्वतःचें समाधान झालें नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलों, तों मँचेस्टर, मिलान, वॉशिंग्टन अशा दूरदूरच्या गांवांचा संबंध आमच्या तालुक्यांतील चार मागांशीं लागत असल्याचें दिसून आलें. तो शोध विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जागतिकीकरण म्हणजे काय?

माल, पैसा, माणसें व कल्पना यांची देशोदेशींच्या सीमा ओलांडून होणारी ये-जा वाढत जाते, आणि एका ठिकाणचा भाव, कायदा किंवा शोध दुसऱ्या ठिकाणच्या माणसाच्या चुलीपर्यंत जाऊन पोंचतो. या स्थितीस जागतिकीकरण म्हणतात. नांव नवें आहे, वस्तु जुनी आहे. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याचा आपणां सर्वांस केवढा अभिमान! परंतु त्यास तांबडा रंग देणारी मिरची मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या गलबतांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वीं आपल्या पूर्वजांचें तिखट म्हणजे मिरें. बटाटा, टोमॅटो, मका, तंबाखू, पेरू, काजू, अननस हींही सारीं त्याच खंडांतून आलेलीं. पगार, चावी, पाव, घमेलें, बिजागरी हे शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्या बोलण्यांत आले. आज ते कोणास परके वाटतात काय? मिरची आपण आपल्या पाट्यावर वाटली, आणि ती आपली झाली. तेव्हां बाहेरून येणारें सर्वच आपल्या संस्कृतीस मारक असतें, हें म्हणणें टिकत नाहीं. परंतु बाहेरून येणारें सर्वच तारक असतें, हेंही खरें नव्हे. तें कसें, हें कापडाच्या इतिहासावरून समजेल.

पहिली लाट

सतराव्या शतकांत हिंदुस्थानचें सुती कापड यूरोपांत इतकें लोकप्रिय झालें कीं, तेथील लोकरीचा धंदा करणारे लोक घाबरून गेले. इंग्लंडच्या पार्लमेंटनें १७०० सालीं पूर्वेकडील छापील सुती कापडाची आयात बंद केली, व १७२१ सालीं तशा कापडाच्या वापरावरही बंदी घातली. ज्या देशानें पुढें खुल्या व्यापाराचा एवढा पुरस्कार केला, त्यानेंच आरंभीं आपलें दार असें लावून घेतलें होतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. त्या दाराआड यंत्रें निर्माण झालीं. जॉन के यानें १७३३ सालीं धांवता धोटा काढला. १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्ज यानें एकाच वेळीं अनेक चात्यांवर सूत काततां येईल असें यंत्र तयार केलें. १७८५ सालीं कार्टराइट यानें यंत्रमाग पुढें आणला. त्यास वाफेची शक्ति मिळाली, आणि एकोणिसाव्या शतकांत प्रवाह उलट फिरला. येथील कापूस तिकडे जाऊं लागला व तिकडील कापड इकडे येऊं लागलें. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यावर समुद्राचा मार्ग जवळचा झाला. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू होऊन आगगाडी आपल्या हातकणंगल्यावरून धांवूं लागली. गिरणीचें स्वस्त कापड आतां खेड्यांतील आठवड्याच्या बाजारापर्यंत पोंचलें. साळी व कोष्टी यांच्या हातमागांवर त्याचा मोठा आघात झाला. सर्वच हातमाग बुडाले असें मात्र नाहीं; जें लुगडें गिरणीस तसें साधत नव्हतें, तें विणणारे तगून राहिले.

दूरच्या घडामोडींचा परिणाम किती विलक्षण असतो याचें आणखी एक उदाहरण सांगतों. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना. तेव्हां आपल्या कापसाचा भाव आकाशास भिडला. मुंबईंत पैशाचा पूर आला. १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, कालचे लक्षाधीश रस्त्यावर आले. चढ आपल्या पराक्रमानें आला नव्हता. म्हणून उतारही आपणांस रोखतां आला नाहीं.

या काळोखांत आपल्या भागांत एक निराळी गोष्ट घडली. १९०४ सालीं इचलकरंजीचे जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं त्या गांवीं पहिला यंत्रमाग बसविला. ज्या यंत्रानें हातमागाचा घास घेतला, तेंच यंत्र घरीं आणून त्याच्यावर गांवानें आपली भाकर मिळविली. एका मागाचे पुढें हजारों माग झाले. लोक गांवास महाराष्ट्राचें मँचेस्टर म्हणूं लागले, आणि २०२२ सालीं तेथें महानगरपालिका झाली. परक्या शोधापुढें रडत बसणें हा एक मार्ग आणि तो शिकून घेणें हा दुसरा. इचलकरंजीनें दुसरा मार्ग धरला.

दुसरी लाट

१९९१ सालीं हिंदुस्थान सरकारनें आपलें आर्थिक धोरण बदलून परदेशी माल व भांडवल यांस दार मोकळें केलें. १९९५ सालीं जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. श्रीमंत देशांनीं गरीब देशांच्या कापडावर ज्या मर्यादा घातल्या होत्या, त्या १ जानेवारी २००५ रोजीं संपुष्टांत आल्या. आपल्या कापडास जगाचा बाजार खुला झाला. परंतु त्याच बाजारांत चीन, बांगलादेश व व्हिएतनाम हेही उभे राहिले.

आतां इचलकरंजीचा धंदा कसा चालतो तें पाहूं. सूतगिरणींतून सूत येतें. सायझिंगमध्यें त्यास कांजी लागून त्याचें बीम तयार होतें. वहिफणी करणारा एक एक धागा ओंवून तें बीम मागास जोडण्याजोगें करतो. बायका कांड्या भरतात. कामगार माग चालवितो. जॉबर तो दुरुस्त ठेवतो. शेवटीं घडीवाला कापडाच्या घड्या घालतो. एका मागामागें इतक्या हातांचें पोट आहे. ज्याचें सूत व्यापाऱ्याचें आणि माग मात्र स्वतःचा, तो खर्चीवाला. त्यास मजुरी मिळते ती पिकावर, पैशांच्या हिशेबानें. पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेंक. सुताचा भाव जगांतील कापसाच्या भावाबरोबर हलतो, विजेचा दर वाढतो, आणि या पैशांच्या मजुरींतून त्यास सर्व भागवावें लागतें.

त्यांतच नवे माग आले. त्यांस धोटा नाहीं. साधा माग मिनिटास सुमारें सव्वाशें ते दीडशें आडवे धागे टाकतो. हवेच्या झोतावर चालणारा माग सहाशेंहून अधिक टाकतो. त्याचें कापड रुंद व निर्दोष निघतें, आणि परदेशीं तसेंच लागतें. यूरोपांतील गिरण्या बंद पडूं लागल्या, तेव्हां तेथील असे जुने माग विकत घेऊन आपल्या लोकांनीं येथें बसविले. पुढें नवेही आणले. ज्यांस कर्ज मिळालें, ते वर चढले. ज्यांस तें मिळालें नाहीं, त्यांचे माग वजनावर विकले जाऊं लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे चार माग गेले ते याच कारणानें. त्यांत त्यांच्या आळसाचा दोष नाहीं, हें त्यांच्या मुलानें अवश्य समजून घ्यावें.

बाजार जितका मोठा, तितके त्याचे धक्केही दुरून येतात. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें देशभर टाळेबंदी झाली. मागांचा रात्रंदिवस चालणारा खडखडाट एकाएकीं थांबला, आणि उत्तरप्रदेश, बिहार, ओरिसा येथून आलेले कामगार मिळेल त्या वाटेनें घरीं निघाले. २०२५ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली. वॉशिंग्टन येथें एक सही झाली, आणि निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांस घोर लागला. मग त्यांना कापड पुरविणाऱ्यास तो कसा चुकेल? शेजारच्या हुपरीचे चांदीचे कारागीर हा अनुभव रोजच घेतात. पैंजण घडते हुपरींत, पण चांदीचा भाव ठरतो लंडन व न्यूयॉर्क येथें.

आणखी एक हिशेब पालकांनीं ध्यानांत घ्यावा. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचें व शहराचें सांडपाणी पंचगंगेंत जातें. स्वस्त कापडाच्या भावांत सूत, वीज व मजुरी धरलेली असते; नदीची किंमत धरलेली नसते. ती खालच्या गांवांतील लोक भरतात.

कोल्हापुरी पायताणाची गोष्ट

संस्कृति आणि व्यापार यांचा संबंध कसा गुंतागुंतीचा आहे, हें कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणावरून दिसतें. महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील मिलान येथें प्राडा या प्रसिद्ध घराण्यानें आपल्या प्रदर्शनांत हुबेहूब तशा चपला मांडल्या, पण कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. इकडे मोठा गहजब झाला. मानांकनाचा कायदा नांवाचें रक्षण करतो. त्या घराण्यानें नांवच घेतलें नव्हतें, त्यामुळें कायद्याचा उपयोग थोडा होता. परंतु लोकमताचा झाला. घराण्यानें या चपलेची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचें मान्य केलें. त्याची माणसें कोल्हापुरास येऊन कारागिरांस भेटून गेलीं. आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार होऊन, येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करवून घेण्याचें जाहीर झालें. एका जोडाची किंमत सुमारें आठशें युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून अधिक.

यांत आनंद मानावा कीं खेद? माझ्या मतें दोन्ही. ज्या कामास आपल्याच समाजानें पिढ्यानपिढ्या हलकें लेखलें, त्याची जगानें वाखाणणी केली, तेव्हां कोठें आपला अभिमान जागा झाला. चप्पल आपली, असें आपण मोठ्यानें म्हटलें. ती करणारा माणूसही आपलाच, हें आपण तितक्या मोठ्यानें पूर्वीं म्हटलें होतें काय?

मग मुलाला कशांत घालावें?

तें गृहस्थ पुन्हां भेटले, तेव्हां मीं त्यांस जें सांगितलें, तेंच येथें लिहितों.

पहिली गोष्ट, मुलाची शाळा कोणत्याही कारणानें सोडवूं नये. धंदा कोणता टिकेल हें आज कोणीच छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. परंतु ज्यास गणित येतें, यंत्राची रचना समजते व दोन भाषांत पत्रव्यवहार करतां येतो, तो एका धंद्यांतून दुसऱ्यांत जाऊं शकतो. इचलकरंजींत वस्त्रोद्योगाचें शिक्षण देणारी संस्था १९८२ पासून आहे. मागावाल्याचा मुलगा मागाचा अभियंता कां होऊं नये?

दुसरी गोष्ट, एकट्यानें बाजाराशीं झुंजूं नये. चार मागांस जें कर्ज मिळत नाहीं, तें चाळीस मागांच्या संघास मिळण्याचा संभव अधिक. आपल्या जिल्ह्यानें सहकारावर साखर कारखाने, दूधसंघ व सूतगिरण्या उभ्या केल्या. त्यांत जेथें हिशेब चोख राहिला तेथें भरभराट झाली, आणि जेथें तो बिघडला तेथें संस्था बुडाली. म्हणून सहकाराबरोबर चोख हिशेब हाही पाहिजेच.

तिसरी गोष्ट, शेजाऱ्यास विसरूं नये. आमच्या वर्गांत आज ओरिसा व बिहारकडील कामगारांचीं मुलें बसतात, आणि त्यांतील एक दोघांचें मराठी शुद्धलेखन इतरांहून बरें आहे. त्याच वेळीं आपल्या गांवचीं मुलें पुण्यास, बंगळूरास व परदेशांत परकीं म्हणून राहत आहेत. तेथें त्यांस जशी वागणूक मिळावी असें आपणांस वाटतें, तशीच आपण येथें आलेल्यांस द्यावी.

गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें. जातांना म्हणाले, "ऱ्हायलेले चार इकत न्हाई एवढ्यात. शेजारचं दोघं काय म्हणत्यात बघतो." मुलगा यंदा नियमानें वर्गांत येत आहे.

विद्यार्थ्यांस अभ्यास

या सुटींत घरांतील पांच वस्तु घ्याव्या: एक कपडा, एक खाण्याची वस्तु, एक यंत्र, एक पादत्राण व एक खेळणें. प्रत्येक वस्तु कोठें तयार झाली, तिचा कच्चा माल कोठला, आणि आपण दिलेल्या पैशांतील किती वांटा ती करणाऱ्याच्या हातीं गेला असावा, हें वडील मंडळींस विचारून वहींत लिहावें. ज्याचें उत्तर सांपडणार नाहीं, तेथें जागा कोरी ठेवावी. शाळा उघडल्यावर त्या कोऱ्या जागांपासूनच आपण पुढील पाठ सुरू करूं.